दारातून परत जाणारा चुलत भाऊ

सर कुणाकडे जेवायला गेले की पाटावर बसण्याआधी स्वयंपाकघरात डोकावायचे. तेलाची किटली कुठे आहे ते विचारायचे, झाकण काढून वास घ्यायचे आणि घरातल्या बाईला म्हणायचे, हे कुणाचं? बाईला वाटायचं, दुकान विचारताहेत. ती दुकानाचं नाव सांगायची. "दुकान नको, झाड सांगा," सर म्हणायचे. खुरासणीचं, म्हणजे कारळ्याचं, आहे असं उत्तर आलं तर ते दोन भाकऱ्या जास्त खायचे. पामतेल निघालं तर तोंडावर काही बोलायचे नाहीत, पण जेवताना गप्प असायचे आणि निघताना त्या घरातल्या पोरांच्या डोक्यावरून उगाच हात फिरवायचे.

मुरबाडच्या कॉलेजात त्यांनी मला अकरावी-बारावीला वनस्पतिशास्त्र शिकवलं. मी किन्हवलीकडून एसटीने यायची. सर बारीक अंगाचे, बाराही महिने उभ्या रेघांचा शर्ट, गळ्यात काळ्या गोफात ओवलेलं भिंग आणि खिशात पेनाशेजारी खोकल्याच्या औषधाची जुनी बाटली. त्या बाटलीत खुरासणीचं तेल. लग्नाला जाताना भिंग काढून ठेवायचं त्यांच्या लक्षात राहायचं नाही, त्यामुळे तालुक्यातल्या कितीतरी लग्नांच्या फोटोंत नवरा-नवरीच्या मागे ते भिंग चमकताना दिसतं. स्वतः लग्न केलं नाही. कुणी विचारलं तर म्हणायचे, झाडांना कुठे घाई असते.

त्यांना सगळे इष्टेरॉल सर म्हणायचे. स्टेरॉल हा शब्द आमच्याकडच्या जिभेवर सरळ बसत नाही, पुढे एक 'इ' लागतोच. सरांना ते नाव आवडायचं. इष्ट म्हणजे चांगलंच की, असं म्हणून ते मान डोलवायचे. झाडांमध्ये असणारा सिटोस्टेरॉल नावाचा एक पदार्थ हे त्यांचं वेड होतं. त्यावर ते वर्गात बोलायचे, स्टँडवर बोलायचे, एकदा तर मयतीला जमलेल्या माणसांसमोरही बोलले. आणि त्याच पदार्थानं त्यांच्या घरातली मुलगी नेली. हे त्यांना कळलं, मला कळलं. जिला कळायला हवं होतं तिला आम्ही दोघांनी कळू दिलं नाही. तिला वाचता येत नाही, म्हणून तर आज हे लिहायचं धाडस करते आहे.

पेशीचं पटल शिकवताना सरांनी फळ्यावर आकृती काढली नव्हती. सगळा वर्ग उठवून कॉलेजमागच्या वाडीतल्या एका घरापाशी नेला. कारवीच्या काड्यांचा कुड, त्यावर शेणामातीचं सारवण. नुसत्या काड्या असत्या तर काय झालं असतं, त्यांनी विचारलं. वारा आला असता, कुणीतरी म्हणालं. आणि नुसती माती असती तर? तडकली असती. मग सर कुडावर हात ठेवून सांगू लागले की झाडाच्या पेशीचं पटल असंच असतं, चरबीच्या काड्या आणि त्यांच्यामध्ये दाबून बसवलेला हा स्टेरॉल. उन्हात तो पटल ढिलं पडू देत नाही, थंडीत कडक होऊ देत नाही. बी रुजताना तो लागतो, कोंब वाढताना लागतो, वाढीची काही संप्रेरकं झाड त्याच्यासारख्याच स्टेरॉलपासून घडवतं. बोलता बोलता त्यांनी सारवणाचा एक पोपडा उचकटला. घरातली म्हातारी बाहेर येऊन म्हणाली, "मास्तर, घर बघाया आलाव का मोडाया?" दुसऱ्या दिवशी सर स्वतः पाटीभर शेण घेऊन गेले आणि तो कोपरा सारवून आले.

त्यांची खरी कथा पुढे होती. प्राण्यांच्या पेशीत हेच काम कोलेस्टेरॉल करतं. झाडातला सिटोस्टेरॉल हा त्याचा चुलत भाऊ. तोंडावळा तोच, फक्त शेपटीला दोन कार्बन जास्त. जेवणातून दोघेही आतड्याच्या दारात येतात. आतडं सख्ख्या भावाला आत घेतं आणि चुलत भावाला दारातूनच परत लावतं. आणि चुलत भाऊ दारात एवढी गर्दी करतो की सख्ख्यांपैकीही काही जणांना आत शिरायला मिळत नाही, तेही त्याच्याबरोबर माघारी जातात. म्हणून ज्याला रक्तातलं कोलेस्टेरॉल कमी करायचंय त्यानं झाडाचं खावं, बियांचं खावं, खुरासणी खावी. "कोण आलं ते बघू नका," सर बोट वर करून म्हणायचे, "दारातून कोण परत गेलं ते बघा." हजेरी घेतानाही हेच, ग्रामसभेतही हेच.

मागच्या बाकावरच्या एकानं तेव्हा विचारलं होतं, "सर, दारावरचा गुरखा झोपला तर?" वर्ग हसला. सरही हसले. म्हणाले, आपला गुरखा झोपत नाही. मीही हसले होते.

किराणा दुकानदारांना मात्र ते नकोसे व्हायचे. तेलाच्या पिशवीवर 'कोलेस्टेरॉलमुक्त' असं छापलेलं दिसलं की ते पिशवी काउंटरवर आपटायचे. मिठाच्या पुडीवर यात साखर नाही असं छापता का, विचारायचे. झाडात ते जवळजवळ नसतंच, मग मुक्त कशापासून? गिऱ्हाईकं खोळंबायची. शेवटी एका दुकानदारानं त्यांच्यासाठी बाहेर एक खुर्चीच ठेवली, की सर तुम्ही इथे बसून बोला.

आणि म्हसाची जत्रा. बैलबाजार आणि घोंगड्यांची दुकानं यांच्या मधोमध सर दरवर्षी एक बाक टाकून बसायचे. बाकावर खुरासणीच्या बियांची परात, तेलाची बाटली आणि हातानं रंगवलेला पुठ्ठा. पुठ्ठ्यावर लिहिलेलं असायचं, तुमच्या रक्तात कोण राहतं? लोकांना वाटायचं भूत-पिशाच्चाचं काही आहे, म्हणून गर्दी व्हायची. एकदा एका बैलवाल्यानं विचारलं, "सर, माझा बैल जन्मभर पालाच खातो, म्हणून त्याला झटका येत नाय का?" सरांना इतका आनंद झाला की ते त्याच्याशी दुपारपर्यंत बोलत राहिले आणि त्या माणसाचा सौदा हुकला. तोही रागावला नाही. सरांवर कुणी फार वेळ रागावत नसे. हेच पुढे महागात पडलं, असं आता मला वाटतं. त्यांना कुणी अडवलं नाही.

बारावीनंतर मी लॅब टेक्निशियनचा कोर्स केला आणि शहापुरात एका मेडिकलच्या दुकानावरच्या लॅबमध्ये लागले. दोन खोल्या, एक यंत्र, एक सूक्ष्मदर्शक. सह्या करायला डॉक्टर शनिवारी यायचे. सरांना कळल्यापासून ते मुरबाडहून कुणाकुणाला घेऊन माझ्याकडे यायचे. प्राचार्य, शिपाई, घरमालक, ज्याला धरता येईल त्याला. आले की पहिलं वाक्य ठरलेलं, "काय मॅडम, तुमचं यंत्र कुणाला मोजतं?"

"कोलेस्टेरॉलला, सर."

"सख्ख्यालाच ना?"

"सख्ख्यालाच."

हा आमचा खेळ होता. मी उत्तर द्यायची तेव्हा त्यात माहिती नव्हती, लाडीगोडी होती. तपासणीचं औषध नळीतल्या रक्तात पडलं की रंग कसा येतो, तो नेमका कुणाकुणाला धरून येतो, हे मी कोर्समध्ये पाठ केलं होतं आणि परीक्षेनंतर विसरले होते. माझं यंत्र सख्खा आणि चुलत दोघांनाही एकाच नावाखाली मोजत होतं. इतर सगळ्यांच्या रक्तात चुलत भाऊ जवळजवळ नसतोच, त्यामुळे ही चूक कधी चूक म्हणून दिसत नाही.

केतकी त्यांच्या बहिणीची मुलगी. बहीण दिली होती वैशाखऱ्याला, सख्ख्या आत्याच्या मुलाला. आमच्याकडे ते चांगलंच समजतात, मुलगी घरातल्या घरात राहते. बहिणीला मी मावशी म्हणते. मावशींना हे एकच मूल. नाव सरांनी ठेवलं होतं, आणि मुलगी आठवीला मुरबाडला मामाकडे शिकायला आली. उंच, सावळी, खालमानेनं हसणारी. सरांच्या घरात दोन माणसं झाली तेव्हा त्यांच्या शर्टाची बटणं जागेवर येऊ लागली. मामा बोलायला लागला की ती माझ्याकडे बघून डोळे मिचकावायची. मामाचं भिंग घासून पुसून ठेवायचं काम तिनं आपणहून घेतलं होतं.

तिच्या कोपरांवर पिवळसर गाठी होत्या, हरभऱ्याएवढ्या. गुडघ्यांवरही. टाचेच्या मागची शीर जाड झालेली. दुखत नसत, म्हणून कुणी मनावर घेतलं नव्हतं. शाळेत मुली तिला चणे म्हणायला लागल्या तेव्हा सर तिला कल्याणच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले आणि डॉक्टरांनी रक्त तपासायला सांगितलं. सर तिला माझ्याकडेच घेऊन आले. विद्यार्थिनी असताना दुसरीकडे कशाला जायचं.

आकडा इतका वर आला की मी तीनदा तपासलं. तिन्ही वेळा तोच. कोलेस्टेरॉल, एवढ्या लहान मुलीला. कल्याणचे डॉक्टर म्हणाले, घराण्यातून येणारं आहे, गोळी रोजची, तूप-अंडी-मटण बंद. सरांचा चेहरा मला आठवतो. ते घाबरले होते, पण त्या भीतीच्या आत कुठेतरी त्यांना हुरूपही आला होता. आयुष्यभर ज्याची थोरवी गायली तो आता घरच्या माणसासाठी कामाला येणार होता. "आता चुलत भावाला बोलवू या," ते केतकीला म्हणाले.

तेव्हापासून मावशी वैशाखऱ्याला खुरासणी भाजून, लसूण-मिरची घालून चटणी कुटू लागल्या. दर सोमवारी आळेफाट्याकडून येणाऱ्या एसटीत कंडक्टरकडे बरणी यायची. केतकीला तिन्ही वेळा ती चटणी, सकाळी अनशापोटी चमचाभर तेल, मधल्या वेळी तीळ आणि शेंगदाणे. घरात सुकट आणायची नाही, अंड्याचं नाव काढायचं नाही. मावशी आमच्या लॅबमध्ये एकदा आल्या होत्या तेव्हा माझ्यासमोरच त्यांनी सरांना म्हटलं, "दादा, पोरीला कधीमधी सुकटीचं कालवण दे रे. वासानं जीव जातो तिचा." सर म्हणाले, तू कुटतेस ते औषध आहे, ते तेवढं बंद करू नकोस. मावशींनी मान हलवली. त्यांचा दादा शिकलेला होता.

सहा महिन्यांनी तपासलं तर आकडा वाढलेला.

त्या दिवसाचं सांगायचं तर मला दोन गोष्टी सांगाव्या लागतील आणि दोन्हींत मी आहे. केतकीच्या पोटऱ्यांवर उगाच काळेनिळे डाग उठत होते, म्हणून मी रक्ताचा थेंब काचेवर ओढून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला होता. सरांना सूक्ष्मदर्शक दिसला की राहवायचं नाही. त्यांनी मला बाजूला सारून डोळा लावला आणि एकदम म्हणाले, "अरे, ही तर पर्णरंध्रं."

मी बघितलं. तांबड्या पेशीच्या मधोमध गोल फिकट ठिपका असतो. इथे बऱ्याच पेशींत ठिपक्याऐवजी आडवी चीर होती, मिटलेल्या ओठांसारखी. पानाच्या खालच्या बाजूला श्वास घ्यायची जी बारीक तोंडं असतात, तीच. मधूनच एखादी प्लेटलेट नको तेवढी मोठी.

"माणसाच्या रक्तात पानाची तोंडं कशी आली?" सरांनी विचारलं. ते हसत होते, पण खरंच विचारत होते.

"काच नीट वाळली नाही, सर," मी म्हणाले. "हवा दमट आहे. अशा काचेवर असं दिसतं. आर्टिफॅक्ट म्हणतात त्याला."

दमट हवेत असं होतं, हे खरंच आहे. म्हणून तर मी इतक्या खात्रीनं बोलले. आणि सरांनी माझ्या पाठीवर थाप मारली, शाबास म्हणाले. आपली विद्यार्थिनी आपल्याला शिकवते आहे याचा त्यांना अभिमान वाटला. मी दुसरी काच केली नाही. संध्याकाळी ती काच इतर काचांबरोबर धुतली.

दुसरी गोष्ट त्याच्यानंतर पाच मिनिटांची. सरांनी रिपोर्ट हातात घेतला आणि केतकीला विचारलं, काय खाल्लंस? काय नाय, ती म्हणाली. खरं सांग. मग ती रडायला लागली. एकदा, स्टँडवर, मैत्रिणीनं दिलेलं उकडलेलं अंडं. एकच. सरांनी गळ्यातलं भिंग काढून तिच्या हातात दिलं आणि त्यावर हात ठेवून शपथ घ्यायला लावली. तिनं घेतली.

त्यानंतरचा रिपोर्ट त्याहून वाईट आला. सर काही बोललेच नाहीत, नुसते खिडकीबाहेर बघत राहिले. ते न बोलणं तिला सहन होईना. "मामा, मी नाय खाल्लं. मामा, आईशपथ नाय खाल्लं." मामा वळले नाहीत. मग ती माझ्याकडे वळली. "ताई, तुमी तरी सांगा ना."

मी नळीवर नावाची चिठ्ठी चिकटवत होते. मान वर न करता म्हणाले, "रिपोर्ट खोटं बोलत नाही गं."

त्यानंतर तिनं कधी मी खाल्लं नाही असं म्हटलं नाही. डोळेही मिचकावले नाहीत. चटणी मात्र दुप्पट खाऊ लागली, असं सर मला कौतुकानं सांगायचे.

बारावीत असताना कॉलेजचा जिना चढताना तिच्या छातीत कळ आली. मुंबईच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथल्या एका तरुण डॉक्टरीणबाईंनी तिची कोपरं दाबून बघितली आणि आईबाप नात्यातले का, असं विचारलं. मग त्यांनी एक चिठ्ठी लिहिली. एक वेगळी तपासणी, फार लांब पाठवावी लागते, निकाल यायला तीन आठवडे लागतात, नेमकं कारण नक्की करायला म्हणून करून घ्या. हृदयाच्या तपासणीची तारीख दिवाळीनंतरची दिली. रक्त मीच काढलं, मीच बर्फात घालून पाठवलं. चिठ्ठीवरचं तपासणीचं नाव मी बघितलं नाही असं नाही, बघितलं. डॉक्टरीणबाईंचं अक्षर घाईचं होतं आणि माझ्यापुढे वीस माणसं बसली होती.

दिवाळीच्या सुट्टीत केतकी वैशाखऱ्याला गेली. उतारावर खुरासणीची शेवटची पिवळी फुलं होती. सकाळी अंगणात कपडे वाळत घालताना ती खाली बसली, आईला हाक मारली आणि संपली. अठरावं लागलं नव्हतं.

तिचं तेरावं झालं आणि नंतर चौथ्या दिवशी रिपोर्ट लॅबच्या मेलवर आला. मी तो छापला, घडी केली आणि रविवारी मुरबाडला गेले. सर ओट्यावर बसले होते, गळ्यात भिंग नव्हतं. मी कागद दिला. काही समजावून सांगायची गरज नव्हती. अख्ख्या तालुक्यात त्या कागदावरची नावं नीट वाचता येतील असा एकच माणूस होता, आणि तो कागद त्यालाच वाचावा लागला.

"कोलेस्टेरॉल जवळपास नॉर्मल आहे हिचं," ते म्हणाले. मग बोट खालच्या ओळीवर आलं आणि तिथेच राहिलं. सिटोस्टेरॉल. निरोगी माणसात त्याची आठवणही नसते, आणि इथे तिचं रक्त त्यानं भरलेलं होतं. गाठी त्याच्याच. हृदयाच्या नळ्यांतही कोलेस्टेरॉलबरोबर तोच. तोच पेशींच्या पटलात जाऊन बसतो आणि त्यांचा आकार बिघडवतो. आतड्याच्या दारावरून त्याला परत लावणारा जो असतो तो तिच्या शरीरात जन्मापासून नव्हता, आईकडून आणि बापाकडून एकच खोट दोनदा येऊन. फार क्वचित असतो असा आजार. वेळेवर कळला तर तेलबिया बंद करायच्या. आम्ही तिच्या तोंडात चमच्यानं घालत होतो.

मग सर म्हणाले, "अंडं खाल्लं नाही म्हणत होती ती."

मी ओट्यावरची धूळ बोटानं पुसत राहिले.

"खरं बोलत होती," ते म्हणाले.

मग त्यांनी विचारलं, ती काच आहे का? धुतली, मी सांगितलं. ते म्हणाले, बरं. औषध असतं का यावर? मी वाचून गेले होते, सांगणं भाग होतं. एक गोळी असते, आत येणाऱ्यालाच आतड्याच्या दारात अडवणारी. डॉक्टरांनी दिलेली ती नव्हे, दुसरी. कुठे मिळते? आमच्या लॅबच्या खालच्या मेडिकलमध्ये, मी म्हणाले. त्यांना नीट ऐकू आलं नाही की ऐकायचं नव्हतं कोण जाणे, त्यांनी मला परत सांगायला लावलं. मी परत सांगितलं. त्या दुकानासमोरून मी आजही रोज जिना चढते.

"वर्गात स्वपरागणाचे तोटे शिकवले," ते म्हणाले, "आणि त्याच वर्षी बहिणीच्या लग्नात अक्षता टाकल्या. आत्याकडे चाललीय म्हणून खूश होऊन."

मी निघताना त्यांनी जाळून टाक म्हणून कागद परत दिला आणि माझा हात धरला. आधी कधी धरला नव्हता. म्हणाले, "तिला सांगायचं नाही. कुटत ती होती."

चुकीची माहिती ऐकून घेणं त्या माणसाला कधी जमलं नाही. दुकानदाराची पिशवी, मंत्र्याचं भाषण, पाठ्यपुस्तकातली आकृती, काही सोडायचे नाहीत. त्याच माणसानं बहिणीसमोर बसून सांगितलं, हृदय जन्मतःच कमजोर होतं, कुणाच्या हातात काही नव्हतं. मी तिथे होते. त्यांचा आवाज जराही हलला नाही.

पुढे ते निवृत्त झाले. म्हसाच्या जत्रेला बाक टाकला नाही. दुकानदारानं खुर्ची ठेवली होती ती तशीच उन्हात असायची, सर समोरून निघून जायचे. भिंग त्यांनी केतकीच्या दप्तरात ठेवून दिलं होतं. माझ्याकडे मात्र महिन्यातून एकदा यायचे. सूक्ष्मदर्शकापाशी बसायचे आणि त्या दिवशीच्या सगळ्या काचा एकेक करून बघायचे. काय शोधताय, असं मी विचारलं नाही. काच संशयास्पद वाटली तर म्हणायचे, दुसरी कर. मी करायची. दुसरीत काही नसायचं. ते उठून जायचे, शाबास न म्हणता.

आणि मावशी बरणी पाठवतच राहिल्या. सोमवारची एसटी, तोच कंडक्टर, दादासाठी चटणी. पोरीसाठी कुटायची सवय हाताला लागली होती, ती सुटेना. मी एकदा दुपारी सरांकडे गेले तेव्हा ते जेवत होते. ताटात भाकरी आणि खुरासणीची चटणी, दुसरं काही नाही. एकेक घास ते फार वेळ चावत होते. मी बघते आहे हे कळल्यावर म्हणाले, "परत पाठवली तर विचारेल, का नको." आणि पुढचा घास घेतला. मी रिपोर्टचा कागद जाळला की नाही ते त्यांनी विचारलं. जाळला, मी म्हणाले. जाळला नव्हता, अजून माझ्या कपाटात आहे.

गेल्या पावसाळ्यात सर न्यूमोनियानं गेले. आठ दिवस दवाखान्यात होते. शुद्धीवर असताना एकदा मला म्हणाले, मॅडम, तुमचं यंत्र कुणाला मोजतं? मी उत्तर दिलं नाही. त्यांनीही आग्रह केला नाही.

दहाव्याला मी वैशाखऱ्याला गेले. मावशींनी मला बाजूला पडवीत बसवलं. सरांच्या खोलीतून आणलेलं सामान कोपऱ्यात होतं. त्यात सोमवारच्या बरण्या होत्या, धुऊन, पुसून, एकात एक झाकणं बसवून ठेवलेल्या. सगळ्या रिकाम्या.

"एक दाणा ठेवला नाय बघ दादानं," मावशी म्हणाल्या. "शेवटपर्यंत खाल्ली. त्याला खूप आवडं."

मी हो म्हणाले.

"केतूनं पण," त्या म्हणाल्या. डोळ्यांना पदर लावला, पण आवाज शांत होता. "बाकी देवानं काय ठेवलं नाय गो. पण पोरीला शेवटच्या दिवसापर्यंत माज्या हातचं पोटात गेलं. तेवढ्यावर मी जगतंय."

मग त्या आत गेल्या आणि एक भरलेली बरणी घेऊन आल्या. ताजी कुटलेली होती, झाकणाच्या कडेला तेल सुटलं होतं. दादा नाही तर आता कुणाला पाठवू, म्हणाल्या. तू घे. संपली की सांग, कंडक्टरकडे देते.

नको म्हणायचं तर कारण सांगावं लागलं असतं. मी बरणी घेतली.